जुनं लॉग स्प्लिटर घेतलंत? ऑइल विकत घेण्याआधी एवढं करा

वखारीसाठी असो, चुलीवरच्या मिसळीच्या हॉटेलासाठी असो, की मुळशी-भोरकडच्या शेतघरात पडलेली बाभूळ फोडण्यासाठी, जुनं हायड्रॉलिक लॉग स्प्लिटर, म्हणजे ऑइलच्या दाबाने ओंडके फोडणारं मशीन, दारात आलं की पहिला प्रश्न हाच: टाकीत घालायचं काय? मशीन विकणारा म्हणतो, "कुठलंही चालतं हो." दुकानदार म्हणतो, "अडुसष्ट न्या, सगळे तेच नेतात." आणि मोबाइलवर उतरवून घेतलेलं अमेरिकन मॅन्युअल म्हणतं, ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समधलं लाल एटीएफ घाला. पहिल्याचं ऐकू नका. उरलेल्या दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण एकाला तुमच्या पंपाची हालत माहीत नाही आणि दुसऱ्याला पुण्याचा मे महिना.

घाईत असणाऱ्यांसाठी उत्तर आधीच देतो. पेट्रोल इंजिनावर किंवा थ्री-फेज मोटरवर चालणारं, गिअर पंपाचं मशीन असेल तर अँटी-वेअर (झीजरोधक) प्रकारचं आयएसओ व्हीजी ४६ किंवा ६८; हा आकडा ऑइलच्या घट्टपणाचा. पंप ठणठणीत असेल तर ४६, झिजलेला असेल तर ६८. आता पंप ठणठणीत आहे का आणि टाकीत आधी काय ओतलेलं आहे, हे कसं ओळखायचं ते पुढे.

हाताशी काय हवं

कागद:
- मशीनवरच्या आणि पंपावरच्या पत्र्याच्या प्लेटचे फोटो. प्लेट ग्रीसने माखलेली असते, डिझेलच्या फडक्याने पुसली की आकडे दिसतात.
- मॅन्युअल मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर पंपाच्या मॉडेल नंबरवरून कंपनीचा तक्ता सापडतो का ते पाहा.
- आधीच्या मालकाकडे ऑइलचं बिल किंवा रिकामा डबा आहे का, हे मशीन उचलतानाच विचारा. नंतर फोन उचलला जात नाही.
- जे ऑइल घ्यायचं त्याची डेटा शीट. नामांकित कंपन्या ती मोफत देतात.

सामान: स्वच्छ काचेच्या दोन बरण्या, ०-२५० बारचा प्रेशर गेज, स्वयंपाकघरातला नव्हे असा थर्मामीटर, रुंद घमेलं, जाळी असलेलं नरसाळं, नवीन रिटर्न फिल्टर, टेफ्लॉन टेप, धागे न सुटणारं फडकं, हातमोजे, चष्मा. कॉटन वेस्ट वापरू नका. तिचे धागे टाकीत जातात आणि तिथून थेट सक्शनच्या, म्हणजे पंप जिथून ऑइल ओढतो तिथल्या, जाळीवर.

१. मशीन कुठल्या जातीचं आहे ते ठरवा

तीन प्रकार भेटतात.

पहिला प्रकार घरगुती: सिंगल फेजवर चालणारं, आडवं, पाच-सात टनांचं. याची टाकी बहुतेक वेळा सिलिंडरभोवतीच असते आणि त्यात मोजकं, तीन-चार लिटर ऑइल मावतं. टोकाला हवा सोडायचा एक छोटा स्क्रू असतो. काम करताना तो थोडा सैल आणि मशीन हलवताना घट्ट ठेवायचा. हे न केल्यामुळे सील गेलेली मशीनं बाजारात पुष्कळ फिरतात. यांची मोटर लहान असते, फार जाड ऑइल तिला झेपत नाही. इथे ४६ च्या वर जाऊ नका.

दुसऱ्या प्रकारात वेगळी टाकी, गिअर पंप, इंजिन किंवा थ्री-फेज मोटर. पंप बऱ्याचदा टू-स्टेज असतो. लाकडाला भिडेपर्यंत तो जास्त ऑइल कमी दाबाने ढकलतो आणि रॅम (सिलिंडरमधून पुढे-मागे होणारा दांडा) झपाझप पुढे जातो. गाठ लागली की आवाज बदलतो, वेग पडतो आणि दाब चढतो. हा लेख मुख्यतः या मशीनबद्दल आहे.

तिसरा प्रकार ट्रॅक्टरच्या मागे लागणारा. त्याला स्वतःचा पंप आणि टाकी नसेल, म्हणजे ते ट्रॅक्टरच्याच हायड्रॉलिक्सवर चालत असेल, तर ऑइलचा निर्णय तुमचा नाही, ट्रॅक्टरचा आहे. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअर, हायड्रॉलिक्स आणि ऑइलमधले ब्रेक एकाच ऑइलवर चालतात. तिथे ६८ नंबर ओतलं तर ब्रेकची भानगड होऊ शकते. ट्रॅक्टरच्या पुस्तकात लिहिलेलंच घाला. स्प्लिटरच्या सिलिंडरमधलं जुनं ऑइल मात्र जोडणीआधी काढून टाका, नाहीतर ते ट्रॅक्टरच्या पोटात जाईल.

२. आत आत्ता काय आहे?

नवं ऑइल घ्यायच्या आधी टाकीच्या तळाजवळून बरणीभर नमुना काढा. वरवरचा नको, पाणी आणि गाळ तळाशी असतो. एक दिवस बरणी हलवू नका.

फिकट पिवळं, पारदर्शक असेल तर साधं हायड्रॉलिक ऑइल असण्याची शक्यता आहे. लाल असेल तर बहुधा एटीएफ. काळं आणि जळका वास असेल तर एकतर ते फार तापलंय किंवा कुणीतरी इंजिन ऑइल ओतलंय. दूध घातलेल्या चहासारखं दिसत असेल तर पाणी आहे. पुण्यात जून ते सप्टेंबर उघड्यावर, ताडपत्रीशिवाय ठेवलेल्या मशीनमध्ये हे हमखास दिसतं, कारण टाकीचं ब्रीदर झाकण, म्हणजे हवा ये-जा करायचं झाकण, फुटलेलं असतं. खात्री करायची असेल तर पत्र्याचा तुकडा चांगला तापवून त्यावर एक थेंब टाका. चष्मा लावून, लांबून. तडतडलं तर पाणी. रंगावरून ग्रेड मात्र कधीच ठरवू नका, ४६ आणि ६८ दोन्ही सारखीच दिसतात.

सगळ्यात वाईट शक्यता ब्रेक ऑइलची. "हायड्रॉलिकच आहे ना, मग ब्रेकचं चालेल" असं म्हणून कमी पडलेली पातळी ब्रेक ऑइलने भरणारे लोक आहेत. डॉट ३, डॉट ४ ही ग्लायकोल जातीची द्रवं. स्प्लिटरमधली सीलं बहुतेक नायट्राइल रबराची किंवा पॉलीयुरेथेनची असतात, ती याने फुगतात, मऊ पडतात आणि सुटतात. ब्रेक ऑइल खनिज ऑइलमध्ये मिसळतही नाही, त्यामुळे बरणीत दोन थर दिसले आणि खालचा थर पाण्याचा वाटला नाही, तर नुसतं ऑइल बदलून भागणार नाही. सील किटचा खर्च धरूनच पुढे चला, आणि व्यवहार पूर्ण झालेला नसेल तर किंमत खाली आणा.

३. ग्रेड: ३२, ४६ की ६८

डब्यावरचा हा आकडा म्हणजे ४० अंश सेल्सियसला ऑइल किती घट्ट आहे त्याचं माप, सेंटिस्टोक्समध्ये. ४६ म्हणजे ४० अंशाला साधारण ४६, दहा टक्के इकडेतिकडे. पण तुमचं ऑइल ४० अंशावर थांबत नाही. स्प्लिटरची टाकी लहान, कूलर सहसा नाही, आणि मे महिन्यात दुपारी हवाच ४० च्या आसपास. सलग तास-दीड तास बाभूळ फोडलीत तर टाकी ६०-७० अंशांवर सहज जाते.

७० अंशाला साध्या अँटी-वेअर ऑइलचं काय उरतं? ३२ नंबरचं साधारण ११ सेंटिस्टोक्स, ४६ नंबरचं १५, ६८ नंबरचं २०. गिअर पंपाला चालताना ढोबळमानाने १५ ते ४० मानवतं. १० च्या जवळ गेलं की गिअरच्या दात्यांच्या बाजूने ऑइल मागे निसटायला लागतं, दाब तयार होत नाही, निसटलेल्या ऑइलची उष्णता होते, आणि त्याने ऑइल आणखी पातळ होतं. "सकाळी मस्त चालतं, दुपारी गाठीवर अडतं" ही तक्रार इथून येते.

आता अमेरिकन मॅन्युअलचं. तिकडे लाकूड फोडायचं काम बर्फात चालतं. शून्याखाली वीस अंशांवर ६८ नंबरचं ऑइल पंपाला ओढताच येणार नाही, म्हणून ते ३२ किंवा एटीएफ सांगतात. एटीएफ ४० अंशाला साधारण ३२ नंबरच्याच आसपास बसतं. पुण्यात जानेवारीची कडाक्याची पहाट म्हणजे आठ-दहा अंश. दहा अंशाला ४६ नंबरचं ऑइल २६० सेंटिस्टोक्सच्या आसपास असतं, ६८ नंबरचं ४४० च्या. गिअर पंप दोन्ही ओढतो, फक्त पहिली दोन-चार मिनिटं रिकामा चालवावा लागतो. म्हणजे आपली अडचण थंडीची नाही, उन्हाची आहे. मॅन्युअलमध्ये तापमानाप्रमाणे तक्ता असेल तर त्यातली गरम प्रदेशाची ओळ वाचा. ती सहसा असतेच, फक्त खाली असते.

४६ की ६८ हे पंप ठरवतो. पंपातून बाहेर जाणाऱ्या लाइनवर गेज बसवा. ते जमत नसेल तर एखाद्या हायड्रॉलिक फिटरकडून बसवून घ्या, भोसरीत ही कामं करणारे भरपूर आहेत. मशीन थंड असताना रॅम टोकापर्यंत नेऊन दोन-तीन सेकंद लीव्हर धरा आणि आकडा लिहा. पुष्कळ स्प्लिटरचा रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह, १७० ते २०० बारच्या आसपास लावलेला असतो. मग अर्धा-पाऊण तास काम करा आणि गरम मशीनवर तेच पुन्हा करा. आकडा थोडासाच उतरला तर पंप ठीक आहे, ४६ घाला. १७५ चा १३० झाला तर आतून गळती आहे. ती पंपात असेल, सिलिंडरच्या पिस्टन सीलमध्ये असेल किंवा व्हॉल्व्हमध्ये. ६८ घातल्याने एखादा हंगाम निघेल, दुरुस्ती टळणार नाही.

एक मोह इथे आवरा. दाब कमी दिसला की रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळायचा सल्ला कुणीतरी देतोच. झिजलेल्या पंपावर तो आवळून दाब वाढत नाही, आणि पंप चांगला असेल तर इतका वाढतो की होज किंवा सिलिंडरचं वेल्डिंग त्याला पुरं पडत नाही.

विकणाऱ्याचा 'टनां'चा दावाही याच गेजवर तपासता येतो. सिलिंडरचा आतला व्यास १०० मिमी असेल तर क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंमी. १७५ बारला जोर येतो साधारण १४ टन. त्याच सिलिंडरवर 'पंचवीस टन' असं स्टिकर असेल तर ते स्टिकरच आहे.

४. प्रकार

ग्रेड जुळली म्हणजे ऑइल जुळलं असं नाही. डब्यावर किंवा डेटा शीटवर आयएसओ एचएम, किंवा जर्मन मानकाप्रमाणे एचएलपी (डीआयएन ५१५२४ भाग २) असं लिहिलेलं हवं. याचा अर्थ गंजरोधक आणि झीजरोधक द्रव्यं त्यात आहेत. नुसतं एचएल असेल तर झीजरोधक नाही, ते घेऊ नका. एचव्ही किंवा एचव्हीएलपी म्हणजे तापमानाने कमी पातळ होणारं, महाग ऑइल. वर्षातून पंधरा दिवस चालणाऱ्या मशीनला त्याची गरज नाही. रोज चालणाऱ्या वखारीत ४६ चं एचव्ही विचार करण्यासारखं आहे.

पुण्यात सहज मिळणारी नावं: सर्व्हो सिस्टम, एचपी एन्क्लो, मॅक हायड्रॉल, कॅस्ट्रॉल हायस्पिन, शेल टेलस. मोबिलच्या डीटीई मालिकेत आकडे फसवे आहेत: डीटीई २४ म्हणजे व्हीजी ३२, २५ म्हणजे ४६, २६ म्हणजे ६८. यांपैकी कुठलंही सरकारी वा खासगी कंपनीचं घेतलंत तरी स्प्लिटरला फरक कळणार नाही. ब्रँडवर वाद घालण्यात लोक जो वेळ घालवतात तो फिल्टर बदलण्यात घालवावा असं माझं मत.

आणि २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल? अडल्या वेळी एखाद दिवस पातळी भरायला त्याने मशीन मोडणार नाही. पण त्यातली डिटर्जंट द्रव्यं पाण्याला धरून ठेवतात, तर हायड्रॉलिक ऑइलने पाणी सोडून द्यायचं असतं, म्हणजे ते तळाशी बसतं आणि काढता येतं. शिवाय थंडपणी ते विनाकारण जाड असतं. कायमचं नको.

जुन्यात नवं मिसळायचं नाही, हा नियम साधा ठेवा. जस्तयुक्त आणि बिनजस्ताची झीजरोधकं एकत्र आली तर कधीकधी गाळ धरतो आणि फिल्टर तुंबतो. थोडं जुनं राहणारच असेल तर दुसऱ्या बरणीत दोन्ही अर्धी-अर्धी मिसळून एक दिवस उन्हात ठेवा. गढूळ झालं किंवा तळाशी काही बसलं तर मशीन पूर्ण धुवावं लागेल.

५. किती लिटर

इथे लोक टाकी मोजतात आणि सिलिंडर विसरतात. १०० मिमी व्यास आणि ६०० मिमी स्ट्रोकचा सिलिंडर धरू, रॉड ५० मिमीचा. पूर्ण बाहेर आलेल्या स्थितीत मागच्या बाजूला ४.७ लिटर ऑइल असतं. पूर्ण आत गेल्यावर रॉडच्या बाजूला ३.५ लिटर. फरक १.२ लिटरचा, तेवढी जागा रॉड व्यापतो.

यातून दोन गोष्टी. जुनं ऑइल काढताना रॅम पूर्ण आत घेतलेला असावा, म्हणजे सिलिंडरमध्ये कमीत कमी उरतं. आणि पातळीही रॅम आत असतानाच बघायची. रॅम बाहेर असताना टाकी काठोकाठ भरलीत, तर तो आत येताना सव्वा लिटर ऑइल ब्रीदरमधून बाहेर, म्हणजे तुमच्या पायावर.

टाकी २० लिटरची असेल तर सिलिंडर आणि होज धरून २५ च्या आसपास लागेल. २६ लिटरची बादली मिळते, ती घ्या. २० ची घेऊन वर पाच लिटर सुटं आणणं महागात पडतं.

६. दुकानात

कंपनीच्या अधिकृत वितरकाकडे जा. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांतून मिळतं, भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात जास्त पर्याय असतात. फिल्टर, होज क्लॅम्प आणि जाळीचं नरसाळं बोहरी आळीत एका फेरीत होतं.

सुटं ऑइल नको, कितीही ओळखीचा दुकानदार असला तरी. वापरलेलं ऑइल गाळून जुन्या बादलीत भरून विकणं नवीन नाही. झाकणाचं सील, बॅच नंबर, भरल्याची तारीख बघा. पक्कं बिल मागा. "बिलाशिवाय स्वस्त देतो" म्हणणाऱ्याकडे १८ टक्के जीएसटी वाचतो, पण बादलीत काय आहे याची जबाबदारीही कुणाची राहत नाही.

७. बदलणं

मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून ऑइल कोमट करा, रॅम आत घ्या, इंजिन बंद करा, मग लीव्हर दोन्हीकडे हलवून अडकलेला दाब सोडा. मगच नट खोला.

गळती शोधताना होजवरून हात फिरवू नका. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून १५० बारने निघालेली धार हातमोज्यातून कातडीखाली शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत बोट गमावायची पाळी येते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधा. कुणाला लागलंच तर घरगुती मलमपट्टी न करता लगेच मोठ्या रुग्णालयात न्या आणि "हाय प्रेशर ऑइल आत गेलंय" असं स्पष्ट सांगा.

टाकी रिकामी झाली की हात घालून तळ पुसा, सक्शनची जाळी काढून धुवा, रिटर्न फिल्टर नवीन लावा. रॉकेल किंवा डिझेल भरून पंप चालवून 'फ्लश' करणारे मिस्त्री असतात, त्यांना प्रेमाने थांबवा. गिअर पंपाला वंगण तेच ऑइल देतं. रॉकेलवर तो कोरडा घासतो. धुवायचंच असेल तर त्याच ग्रेडचं स्वस्त ऑइल पाच-सात मिनिटं बिनलोडचं फिरवून काढून टाका.

नवं ऑइल जाळीतूनच ओता. सीलबंद डब्यातलंही कणरहित असतंच असं नाही. सुरू करायच्या आधी पंपाच्या सक्शन लाइनमध्ये थोडं ऑइल भरा. मग कमी वेगावर इंजिन, रॅम सावकाश पुढे-मागे, लाकूड न लावता. सुरुवातीला फेस येईल आणि रॅम झटके देईल. थोडं थांबा, पातळी भरा, पुन्हा फिरवा. फेस जातच नसेल तर सक्शनच्या क्लॅम्पमधून हवा ओढली जातेय. तिथे ऑइल बाहेर गळत नाही, म्हणून लक्षात येत नाही. चालू मशीनमध्ये सांध्यावर थोडं ऑइल सोडा, आवाज बदलला तर जागा सापडली.

८. पहिल्या काही दिवसांत

तासभर कामानंतर टाकीचं तापमान बघा. ६० पर्यंत ठीक. ७० ला विश्रांती द्या. ८० दिसलं तर काम बंद. सीलं कडक व्हायला लागतात आणि ऑइलचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. थर्मामीटर नसेल तर टाकीच्या पत्र्यावर तळहात: दोन-तीन सेकंदांवर ठेवता येत नसेल तर ६० च्या पुढे गेलंय.

जुन्या मशीनमध्ये नवं ऑइल आतला बसलेला मळ सोडवतं, म्हणून पहिला फिल्टर लवकर बदला. पंचवीस-तीस तास चालल्यावर मी बदलतो. त्यानंतर वर्षातून एकदा, तेही पावसाळा संपल्यावर, म्हणजे आत शिरलेलं पाणी हिवाळाभर फिरत बसत नाही.

९. काढलेलं ऑइल

वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ त्यांना परवानगी देतं. वीस-पंचवीस लिटरसाठी कुणी गाडी पाठवणार नाही, म्हणून जे सर्व्हिस सेंटर आपलं ऑइल अशा कंपनीला देतं त्यांच्याकडे विचारा, बहुतेक घेतात. ज्या बादलीतून नवं आणलंत तीच भरून न्या, वर 'वापरलेलं' असं ठळक लिहून, नाहीतर पुढच्या वर्षी गडी तेच टाकीत ओतेल. कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी फासायची आपल्याकडे जुनी रीत आहे. विहिरीजवळच्या जमिनीत तरी ती नको. आणि फोडलेल्या लाकडावर सांडलेलं ऑइल भट्टीत जाऊ देऊ नका, विशेषतः त्या भट्टीवर मिसळीचा रस्सा उकळत असेल तर.